बंद धरण आणि छत्रीच्या काड्या

धरण बंद झालं आणि थोड्याच दिवसांत घरवाल्याच्या अंगाला माशाचा वास यायला लागला.

बंद म्हणजे मासेमारीला बंद. पावसाळ्यात मासा अंड्यावर येतो, ओढ्याच्या तोंडाशी वर चढतो, तेव्हा त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे. आणि आमचा घरवाला तिथला चौकीदार. ज्याने दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही, त्याच्याच हाताला वास! आता सांगा, कुठल्या बाईला झोप लागेल?

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघते, भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूच्या हाताची पहिली चहाची कपबशी मी हुंगून प्यायले होते, ते ती मरेपर्यंत विसरली नाही. गल्लीत चारचौघांत मी नवऱ्याला ‘ते’ म्हणते, पण इथे ‘तो’च म्हणणार, कारण त्या दिवसांत माझ्या मनात तो ‘तो’च होता. घरात आम्ही जी हिंदी-खान्देशी खिचडी बोलतो ती लिहायला गेले तर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल. म्हणून आमचं दोघांचं बोलणं नगरपालिकेच्या शाळेत शिकले त्या मराठीत लिहिते.

आम्ही तळोद्याचे. माझे अब्बा छत्र्या दुरुस्त करायचे, त्यांच्यामागे ती पेटी माझ्याकडे आली. पक्कड, दाभण, बारीक तार, काड्यांची जुडी आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ. पावसाळ्याचे तीन महिने बाजारात बसायचं, बाकीचं वर्ष पिशव्यांच्या चेन आणि स्टोव्ह. घरवाला आधी जिनिंगमध्ये होता. कापसाची धूळ छातीत बसली आणि माणूस निम्मा झाला. दोन वर्षं घरात बसून खोकला. मग डोंगराच्या पायथ्याशी जे धरण आहे तिथल्या मच्छीमार सोसायटीने त्याला चौकीदार ठेवलं. काम म्हणजे काय, शिट्टी घेऊन काठाने फिरायचं आणि कुणी पाण्यात उतरलं तर हटकायचं. पण पहिल्या दिवशी खाकी शर्ट घालून आरशापुढे उभा राहिला ना, तेव्हा त्याची पाठ मला कितीतरी दिवसांनी सरळ दिसली. हे काम गेलं असतं तर त्याला दुसरं कुणी दिलं नसतं. ओझं उचलता येत नाही आणि धुळीत बसता येत नाही, अशा माणसाला कोण ठेवतो?

धरणावर एक पाटी आहे. ओढा धरणाला मिळतो तेवढं पाणी बाराही महिने राखीव. तिथे जाळं नको, गळ नको, भाला नको, विष नको, सुरुंग नको. शिंपले, खेकडे, कासव उचलायचे नाहीत. बाकीचं धरण पावसाळ्यात बंद, मग उघडतं. एवढी सरळ पाटी, पण तिच्यावरून रोज भांडण. एक जण पिशवीभर खेकडे घेऊन निघालेला, ह्याने अडवला, तर तो ह्यालाच विचारतो, “खेकडा काय मासा शे का, भो? मासाले बंदी शे ना!” ह्याने त्याला पाटीपर्यंत हाताला धरून नेलं आणि बोट ठेवून शब्द वाचून दाखवला. तो म्हणाला, माले वाचता येत नही. आणि खिशातून मोबाइल काढून बघत बसला. हे किस्से घरी सांगताना तो इतका हसायचा की खोकला यायचा.

त्या पावसाळ्यात मात्र किस्से बंद झाले.

झालं असं की राखीव पाण्यात कुणीतरी काडीने मासे मारत होतं. हे हत्यार ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुन्या काळ्या छत्रीची काडी जाड पोलादाची असते. ती दगडावर घासून टोक काढायचं, बांबूच्या नळीत घालायची, मागे सायकलच्या ट्यूबचं रबर ताणायचं. डोळ्यांना चष्मा लावून पाण्याखाली बुडी मारायची, मासा समोर आला की रबर सोडायचं. जाळं टाकलं तर दुरून दिसतं. हा माणूस बुडाला की वर पाणी शांत, चौकीदार काठावर शिट्टी घेऊन उभा तो उभाच. लागलेले मासे घेऊन जातात, आणि अर्धवट लागलेला मासा काडी घेऊन पळतो, दोन दिवसांनी कुठेतरी काठाला मरून लागतो. पोटात हजारो अंडी. सोसायटीच्या लोकांना असा एक मासा सापडला आणि मग सगळे खवळले. वर्षभराचं पोट त्या अंड्यांवर, त्यांचं खवळणं बरोबरच होतं.

सोसायटीचे अध्यक्ष आमच्या दारात आले. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बोलले. धरण उघडायच्या आत काडीवाला सापडला पाहिजे, नाहीतर चौकीदार बदलू. मग माझ्याकडे वळून विचारलं, “भाभी, तू काड्या कोणले इकस का?”

“नाही,” मी म्हटलं. “मी छत्री दुरुस्त करते. सुटी काडी आजपर्यंत कुणाला विकली नाही, अल्लाची शपथ.”

ते खरं होतं. पण अध्यक्ष गेल्यावर घरवाल्याने माझ्याकडे जे बघितलं ना, ते मला आवडलं नाही. चप्पल घालून निघून गेला.

त्यानंतर वास. आधी मला भलतंच वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी मला बाईच वाटली. धरणाच्या वाटेवर एक ढाबा आहे, तिथे मासे तळणारी एक आहे, तिचं हसणं मी एकदा ऐकलं होतं. मी त्याचा शर्ट धुण्याआधी उजेडात धरून बघायला लागले. केस नाही सापडला, खवले सापडले. बाहीच्या शिवणीत चिकटलेले, चकचकीत. एकदा पँट गुडघ्यापर्यंत ओली. विचारलं तर म्हणाला, “घसरलो.” घसरलेला माणूस दोन्ही गुडघ्यांपर्यंत सारखा भिजतो का? पाणी कुठेतरी मुरतंय, हे मला कळलं. फक्त कुठे ते कळेना.

मग त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. जेवता जेवता, आपलं सहज विचारल्यासारखं.

“आज किती छत्र्या आल्या?”

“आल्या तेवढ्या आल्या.”

“काड्या बदलल्या?”

“बदलल्या.”

“मग जुन्या काड्यांचं काय करतेस?”

माझा घास हातातच राहिला. पंधरा वर्षांत ह्या माणसाने माझ्या पेटीकडे ढुंकून बघितलं नव्हतं. काड्या कशाला पाहिजेत ह्याला? मी म्हटलं, “तुम्हाला काय करायच्यात?” तो म्हणाला, “काही नाही, विचारलं.” पण पुन्हा दोन दिवसांनी तेच. कोण येतं, कुणाच्या छत्र्या येतात, जुन्या काड्या कोण मागतं. मी जितकं टाळायला लागले तितका तो जास्त खोदायला लागला, आणि तो जितका खोदेल तितका माझा संशय पक्का. हा काड्यांच्या मागावर आहे. हाच बुडी मारतो, हाच मारतो, आणि ढाब्यावर देतो. चौकीदाराला कोण हटकणार? शिट्टी तर त्याच्याच गळ्यात.

आता जुन्या काड्यांचं मी काय करायचे ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे आणि मला ते दिसलं नाही. आमच्या अब्बांची एक शिस्त होती. बदललेला माल गिऱ्हाईकाच्या हातात परत द्यायचा. छत्रीवाला काडी बदलली म्हणून सांगतो आणि जुनीच वाकवून सरळ करतो, असा लोकांचा संशय असतो. तो संशय येऊच द्यायचा नाही. जुन्या काड्यांच्या भोकातून लाल दोरा ओवायचा, जुडी बांधायची आणि छत्रीसोबत द्यायची. हे बघा, तुमचं तुम्हाला. सगळ्या तळोद्यात आमचं नाव त्या लाल दोऱ्यावर चालायचं. मी स्वतः संशयी, म्हणून दुसऱ्याच्या संशयाची मला फार काळजी. त्यामुळे अब्बा चार काड्यांना एकदा दोरा बांधायचे, मी प्रत्येक काडीला वेगळा बांधून द्यायचे.

हे मी नवऱ्याला एका वाक्यात सांगू शकले असते. “जुन्या काड्या गिऱ्हाईकाला परत देते.” नाही सांगितलं. त्याने विचारलं कशाला, ह्याचाच मला राग.

शुक्रवार होता. तो नमाजहून थेट धरणावर गेला होता. मी गव्हाची कोठी सरकवून मागे झाडत होते, तर कोठीच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी टणक. उघडलं. छत्रीच्या काड्या. घासून टोकं काढलेल्या, गंजलेल्या, काहींना अजून खवले. वीसेक तरी असतील. आणि जवळजवळ प्रत्येकीच्या भोकात लाल दोऱ्याचा तुकडा.

माझं डोकंच सणकलं. माझ्या पेटीतून काड्या चोरतो! माझ्याच काड्यांनी, मी मेण लावलेल्या दोऱ्यासकट! मी पिशवी घेतली आणि दारात आले. शेजारीण तांदूळ निवडत बसली होती. तिने नुसतं विचारलं, “काय व्हयनं वं?” बस, तेवढंच पुरलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. हा चौकीदार बघा, ह्याचा खाकी शर्ट बघा, राखणदारच मासे मारतो, बायकोच्या पेटीतून काड्या चोरून! मी काड्या उंच धरून दाखवल्या. लाल दोरा दाखवला. पाच मिनिटांत गल्ली जमली. त्यात त्या शेजारणीचा भाऊ होता, तो सोसायटीचा सभासद. हे मला माहीत होतं. बोलताना मला ते माहीत होतं की नव्हतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. माहीत होतं.

दुपार टळायच्या आत सोसायटीचे चौघे घरी आले. घरवालाही त्यांच्या मागोमाग आला, कुणीतरी त्याला धरणावरून मोटारसायकलवर आणलं होतं. “चौकीदारना घरमाच काड्या निंघन्यात,” बाहेर कुणीतरी म्हणालं आणि बायका खिदळल्या. अध्यक्षांनी पिशवी पुढे केली.

“ह्या तुन्हा घरमा व्हत्यात?”

“हो.”

“भाभी म्हनी ऱ्हायनी, तिनी पेटीमातून चोऱ्यात. खरं शे?”

घरवाल्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा काहीतरी सबब सांगेल, मग मी त्याला बघते. तो म्हणाला, “खरं आहे. मीच घेतल्या. हिला माहीत नव्हतं.”

आणि गळ्यातली शिट्टी काढून दिली. शर्ट तिथेच काढायला लागला तर अध्यक्षच म्हणाले, राहू दे, सकाळी दे. त्यांनाही वाईट वाटलं असावं. ते गेल्यावर मी म्हटलं, “कशाला केलं हे?” तो बनियनवर बसून खोकत राहिला. चार दिवस आमच्यात शब्द नाही. मी जेवण वाढायचे, तो जेवायचा. बरोबर होते ना मी, मग मला घास का जात नव्हता?

पाचव्या दिवशी बाजार होता. मी पेटी मांडून बसले. मोटारसायकलवरून एक जण आला, म्हसावदकडचा, शेतीवाल्या घरातला, बोलण्यावरून नोकरदार वाटला. महिन्याभरात त्याची ही तिसरी छत्री. ह्या वेळची छत्री उघडली तर कापड नवं आणि काड्या मधेच मोडलेल्या, वाऱ्याने मोडतात तशा नाही, गुडघ्यावर घेऊन मोडल्यासारख्या. मी म्हटलं, “भाऊ, ही कशी मोडली?” तो हसला.

“छत्री नंतर कर, आक्का. जुन्या काड्या निंघतीन त्या दे आधी. मांगला टाईमन्या साऱ्या पाणीमा गयात.”

मी त्याच्या गाडीकडे बघितलं. हँडलला पोहण्याचा चष्मा लटकत होता.

“रविवारले धरणवर जातस आम्ही,” तो म्हणाला. “भलती मजा येस. आते तर चौकीदार बी नही.”

त्याच्या हातावर, ह्याच्या हातावर, एकेकाच्या हातावर मी लाल दोऱ्याची जुडी ठेवते आहे, तेच डोळ्यांसमोर यायला लागलं. तुमचं तुम्हाला. मी काडी विकली नव्हती, शपथ खरी होती. फुकट वाटत होते, इमानदारीची पावती म्हणून! आणि तो घरात बसलेला माणूस, ज्याला आमच्या दोन पायऱ्या चढताना धाप लागते, तो पाण्याखाली दम धरून मासे मारतो असं मी गल्लीला ओरडून सांगितलं होतं. गल्लीनेही ऐकून घेतलं. एकालाही खोकला आठवला नाही, मला तर नाहीच नाही.

मी त्याची छत्री तशीच परत दिली. पेटी उचलली आणि सरळ सोसायटीच्या ऑफिसात गेले. अध्यक्ष चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. दोरा, जुडी, म्हसावदचा माणूस, चष्मा. मरून काठाला लागलेल्या माशांतून घरवाल्याने त्या काड्या काढल्या असतील, म्हणून वास, म्हणून खवले, म्हणून ओली पँट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, ते मान्य केलं पाहिजे.

मग म्हणाले, “नवरा शे म्हनीसन बोली ऱ्हायनी तू, समजस माले. पन त्या दिनले तूच सारी गल्लीसमोर सांगं, यानी चोऱ्यात. त्यानी बी कबूल करं. आते आम्ही कोणतं खरं धरानं?”

“आजचं धरा.”

“आज तू घाबरेल शे. त्या दिन तू खवळेल व्हती. खवळेल माणूस खरं बोलस.”

माझ्याच न्यायाने त्यांनी मला मोजलं होतं. बाहेर त्याच दिवशी नेमलेला नवा चौकीदार बसला होता, शिट्टी गळ्यात. त्याने मला सलाम केला.

तेव्हापासून जुनी काडी मी परत देते, पण पकडीने तीन तुकडे करून. गिऱ्हाईक विचारतं, तुकडे कशाला केले, आतलं काही लपवतेस का? मी म्हणते, लपवते. घ्यायचे तर घ्या.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी घरी आले तेव्हा तो ओसरीवर लसूण सोलत होता. शांतपणे, एकेक पाकळी. मी पेटी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसले. सांगितलं सगळं, अध्यक्षांना सांगितलं तसंच. लसूण सोलणं थांबलं.

“म्हणजे तू विकत नव्हतीस?” तो म्हणाला.

“काय?”

“काड्या. तुझा दोरा होता प्रत्येक काडीला. मला वाटलं, तू विकतेस. विचारलं की टाळायचीस. मग मी म्हटलं, हो, विकतेच.”

“तुम्हाला वाटलं मी विकते?”

“तुला वाटलं ना मी मारतो.”

मला राग यायला हवा होता, तो आलाही. मी खोटं बोलते, अल्लाची शपथ खाऊन खोटं बोलते, असं ह्या माणसाने दीड महिना मनात धरलं होतं! रोज मेलेले मासे हुडकत काठाने फिरला, चिखलात उतरला, एकेका माशातून काडी काढली आणि घरी आणून दडवली. मी म्हटलं, “मग एवढी खात्री होती, तर सांगायचं ना सोसायटीत. नोकरी राहिली असती. शाबासकी मिळाली असती.”

“सांगितलं असतं तर तुझी पेटी उचलून नेली असती त्यांनी. बाजारात बसू दिलं नसतं.”

“पण मी विकत असते तर? खरंच विकत असते तर?”

त्याने सोललेला लसूण वाटीत टाकला आणि नवी पाकळी घेतली.

“विकतेसच असं धरूनच गप्प बसलो होतो ना,” तो म्हणाला.